खाणीचे पाणी आणि भाताचे खाचर

खाणीचे पाणी ओढ्यात सोडले की ओढा गढूळ होतो. काही अंतरावर गाळ खाली बसतो, पाणी निवळते आणि आपण म्हणतो, ‘आता शेतीला चालेल.’ पण मिठाचे पाणी कितीही निवळ दिसले तरी खारटच असते, नाही का? निवळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्याला हा धडा फार महाग पडला.

या नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्त व शिसे यांची खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम हा धातूही अल्प प्रमाणात असतो. खनिज दळून हवे ते धातू वेगळे काढल्यावर उरलेली बारीक भुकटी व सांडपाणी नदीत जाई. खाली तोयामाच्या मैदानात शेतकरी हेच पाणी पाटाने भाताला देत.

आता खाचरात काय घडते ते पाहू. पाटाचे वाहते पाणी खाचरात शिरताच मंदावते आणि त्यातील कण तळाशी बसतात. म्हणून पाणी जेथून आत येते, त्या तोंडाशी कॅडमियम सर्वांत जास्त साठते. पाणी निघून जाते. धातू मातीतच राहतो. दर हंगामाला त्यात भर पडते.

खाचरात पाणी तुंबलेले असताना मातीत प्राणवायू फारसा पोचत नाही. त्या वेळी कॅडमियमचा गंधकाशी संयोग होतो. हे संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. कापणीपूर्वी खाचर कोरडे केले की मातीत हवा शिरते, संयुग मोडते आणि कॅडमियम विद्राव्य होते. मँगनीजसारखी पोषक द्रव्ये ज्या वाटेने मुळांत जातात, त्याच वाटेने तेही शिरते व दाण्यात उतरते. रोप हिरवेगार दिसले तरी दाणा अपायकारक असू शकतो. भात निसवण्याच्या सुमारास खाचरात पाणी ठेवले तर दाण्यातील कॅडमियम कमी राहते, ते यामुळेच.

हा तांदूळ वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडली, हाडे मऊ होऊन मोडू लागली. रोग्यांत बहुतेक प्रौढ स्त्रिया होत्या. त्या ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असे कण्हत. रोगाला तेच नाव पडले. रोगाचे मूळ खाणीतून आलेल्या कॅडमियममध्ये आहे, हे जपान सरकारने १९६८ साली मान्य केले. सुमारे ८६० हेक्टर शेतांतील दूषित मातीच्या जागी चांगली माती घालण्याचे काम संपायला २०१२ साल उजाडले.

तांदळातील कॅडमियमची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला ०.४ मिलिग्रॅम आहे, म्हणजे २५ लाख भागांत १ भाग! एवढा अंश डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. म्हणून खाणीखालच्या ओढ्याचे पाणी शेतीला योग्य आहे का, हे ठरवताना नुसते पाणी तपासून भागत नाही. ज्या मातीत ते मुरते ती माती आणि त्या मातीत पिकणारा दाणा, हे दोन्हीही तपासावे लागतात.