हिंगणीची समाधी आणि नदीकाठचे पेशवे

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला गोदावरीकाठी वसलेले कोपरगाव आज ऊस, साखर कारखाने आणि शिर्डीची वाट यांमुळे ओळखले जात असले, तरी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते रघुनाथराव पेशव्यांचे, म्हणजे राघोबादादांचे, आवडते ठिकाण होते. गावातला त्यांचा वाडा पुढे इंग्रजी अमलात सरकारी कचेऱ्यांच्या कामी आला. तेथून सुमारे तीन मैलांवरच्या हिंगणीतही त्यांचा एक वाडा होता आणि तेथेच त्यांची समाधी आहे. जुन्या गॅझेटियरमध्ये भक्कम दगडी भिंतीने वेढलेली साधी इमारत एवढीच तिची नोंद सापडते, आणि हा साधेपणाच तिच्याकडे थांबून पाहण्याचे पहिले कारण आहे.

‘समाधी’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. संन्याशाचा किंवा संताचा देह जमिनीत ठेवला जातो ती जागा समाधी, जशी 1296 मधली आळंदीची ज्ञानेश्वरांची. आणि राजपुरुषाचे दहन झाले त्या जागी किंवा त्याच्या आठवणीसाठी उभारलेली वास्तू हीसुद्धा समाधीच. दुसऱ्या प्रकारात आत देह नसतो, कारण तो अग्नीने नेलेला असतो आणि अस्थी पाण्याने. वर घुमट असलेल्या मंडपाला छत्री म्हणतात, तर तुळशीसाठी बांधलेल्या चौकोनी ओट्याला वृंदावन.

देह जपून ठेवण्याची रीत असते तेथे थडग्याभोवती बाग वाढते. कोपरगावाहून पूर्वेला असलेल्या छत्रपती संभाजीनगरात औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिचा मकबरा, म्हणजे बीबी का मकबरा, चारबागेत उभा आहे. चारबाग म्हणजे पाण्याच्या पाटांनी चार भागांत विभागलेली आखीव बाग. 1657 मध्ये वारलेल्या या बेगमेसाठी बाग हे स्वर्गाचे चित्र होते. मराठ्यांच्या स्मारकात मात्र बागेच्या जागी बहुधा तुळशीचे एकच रोप असते आणि पाटाच्या जागी थेट नदी. पेशव्यांच्या समाध्या एका ओळीत आठवल्या की हे स्पष्ट होते: थोरले बाजीराव 1740 मध्ये नर्मदेकाठी रावेरखेडीला, नानासाहेब 1761 मध्ये पुण्यात मुठेकाठी, माधवराव 1772 मध्ये थेऊरला मुळा-मुठेकाठी. हिंगणीने या ओळीत गोदावरीची भर घातली.

पण पहिले तिघे सत्तेवर असताना गेले आणि रघुनाथराव सत्ता हरवून गेले. 1758 मध्ये लाहोरपर्यंत धडक मारलेला, ज्याच्या मोहिमेमुळे ‘अटकेपार झेंडे’ हा वाक्प्रचार घरोघरी पोचला तो हा सेनापती 30 ऑगस्ट 1773 रोजी पुतण्या नारायणराव यांचा खून झाल्यावर पेशवा झाला, बारभाईंच्या कारस्थानाने, म्हणजे नाना फडणीस आदी मुत्सद्द्यांच्या एकजुटीने, लवकरच पदच्युत झाला आणि मार्च 1775 मध्ये सुरतेच्या तहाने इंग्रजांच्या आश्रयाला गेला. त्यातून पेटलेले युद्ध 17 मे 1782 च्या सालबाईच्या तहाने संपले. इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला आणि त्यांच्या वाट्याला पेशव्यांकडून मिळणारी नेमणूक, म्हणजे ठरावीक वार्षिक रक्कम, तेवढी उरली. त्यानंतर ते कोपरगावी आले आणि 11 डिसेंबर 1783 रोजी तेथेच वारले. नारायणरावांच्या खुनाने त्यांच्या नावावर पडलेला डाग इतका गडद आहे की त्यांची समाधी पाहायला जाणारा विरळाच. वास्तविक मराठी राज्याचे उत्तरेतील विस्तारापासून तहाच्या कागदापर्यंत झालेले सगळे वळण या एका जागी पाहता येते, आणि म्हणून ती जपली पाहिजे.

तहाने हात बांधले गेल्यावर घडलेले स्मारक दूरच्या व्हिएतनाममध्येही आहे. हुए येथील न्युएन घराण्याचा सम्राट तू दुक याने 1862 च्या सायगाव तहाने दक्षिणेचे तीन प्रांत फ्रेंचांना दिले आणि 1864 ते 1867 या काळात स्वतःची समाधी जिवंतपणीच बांधून घेतली. तळे, तळ्यावर झुकलेले लाकडी मंडप, पाइनची सूचिपर्णी झाडे आणि चाफा यांच्या त्या बागेत तो पुढे राहू लागला, कविता करू लागला. मात्र बांधकामाच्या वेठीने गांजलेल्या मजुरांनी 1866 मध्ये बंडही केले होते. तेथील वास्तूंच्या नावांत ‘खिएम’, म्हणजे नम्रता, हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. पित्याचा शिलालेख पुत्राने लिहावा अशी तिकडची रीत. तू दुकला मूल नसल्याने त्याने तो स्वतः लिहिला आणि त्यात आपल्या कारकिर्दीतल्या चुका मान्य केल्या. तो 1883 मध्ये, रघुनाथरावांच्या नंतर सुमारे शंभर वर्षांनी, वारला.

हिंगणीला असा आत्मनिवेदनाचा लेख लाभला नाही, तेथे कथा पाण्यालाच चिकटलेली आहे. कोपरगावच्या बेटावर शुक्राचार्य आणि कचेश्वर यांची स्थाने आहेत, आणि मृताला उठवणारी संजीवनी विद्या कचाने शुक्राचार्यांकडून येथेच मिळवली, त्याच्यावर जीव जडलेली देवयानी येथलीच, अशी लोकांची श्रद्धा आहे. गावातल्या संस्थांना ‘संजीवनी’ हे नाव मिळते ते याच श्रद्धेतून. विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या गोदावरी कालव्यांनी हा कोरडा मुलूख हिरवा केला, आणि ज्या समाधीला आखीव बाग कधी नव्हती तिच्या परिसरात उसाचे मळे उभे राहिले.

रघुनाथरावांना तू दुकसारखी वारसाची उणीव नव्हती. धाकटे चिमाजी त्यांच्या मृत्यूनंतर 1784 मध्ये जन्मले, आणि 1775 मध्ये धार येथे जन्मलेले बाजीराव 1796 मध्ये पेशवे झाले. जून 1818 मध्ये इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाल्यावर त्यांनाही आठ लाखांची नेमणूक आणि नदीकाठचे एक गाव मिळाले. ते गाव गंगेकाठचे ब्रह्मावर्त, आणि तेथे ते 1851 मध्ये वारले.