दिवसभर घरी काय करते?

रविवारची सकाळ. पोह्यांना फोडणी घातली आणि ओट्यावरचा फोन वाजला. सासरच्या सगळ्यांचा मिळून आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, चांगला बावीस जणांचा. धाकट्या दीरांनी त्यावर एक चित्र टाकलं होतं. सोफ्यावर आडवी पडलेली बाई, हातात मोबाईल, शेजारी चिवड्याची वाटी. वर ठळक अक्षरांत 'बायको दिवसभर घरी काय करते?' आणि खाली 'रिचार्ज संपवते!' लगेच हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. असली चित्रं रोज येतात, मी बघते आणि सोडून देते. पण त्या रांगेतला एक हसरा चेहरा आमच्या ह्यांचा होता. आणि हे तेव्हा बाहेरच्या खोलीत बसून पोह्यांचीच वाट बघत होते!

पोहे दिले. बोलले काहीच नाही. बोलून काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे, मैत्रिणींनो. 'अगं, गंमत आहे ती, गमतीनं घे ना.' गमतीला रागानं उत्तर दिलं की आपण हरलोच.

दिवाळीच्या सुटीत भाची आली होती, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला चित्र दाखवलं तर म्हणाली, "मावशी, याला मीम म्हणतात. मीमला उत्तर मीमनंच द्यायचं."

मीम म्हणजे आपल्या गुड मॉर्निंगच्या चित्रांची वात्रट धाकटी बहीण. एक चित्र, वर एक ओळ, खाली एक ओळ. हा शब्द काढला रिचर्ड डॉकिन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानं, १९७६ साली, 'द सेल्फिश जीन' या पुस्तकात. एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात नक्कल होत पसरत जाणाऱ्या कल्पनेला त्यानं ते नाव दिलं होतं. 'बायको काही करत नाही' ही कल्पना तशीच पसरलेली, नाही का?

नुसता चिमटा काढून भागणार नव्हतं. आकडा हवा होता. तो भाचीनंच शोधून दिला. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर घरोघरी जाऊन, लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची पाहणी केली होती. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम: बायका दिवसाला २९९ मिनिटं, पुरुष ९७ मिनिटं. त्यातही मेख अशी, की ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्यांचीच आहे. शंभरातल्या ८१ बायकांनी हात लावला होता आणि पुरुषांपैकी साधारण २६ जणांनी. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बायकांची मिनिटं २८९ वर आली. दहा मिनिटं सुटली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांचीही ९७ वरून ८८ झालेली!

आकड्यांनी भांडणं ही काही आजची गोष्ट नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला शाळेच्या पुस्तकातली दिवा घेतलेली परिचारिका म्हणून माहीत आहे. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच जास्त सैनिक गेले, हे सरकारच्या गळी उतरवायला तिनं १८५८ मध्ये रंगीत आलेख काढून छापले होते. दिव्यापेक्षा मला आता तो आलेख मोठा वाटतो.

तर आम्ही लॅपटॉप घेऊन बसलो. मला वाटलं मोबाईलवरच्या एखाद्या ॲपमध्ये करणार. भाची म्हणाली, "नाही. प्रोग्राम लिहायचा. एकदा लिहिला की नुसते आकडे बदलायचे, चित्र नवं तयार. शिवाय आपला फोटो आपल्याच कॉम्प्युटरवर राहतो." भाषा पायथन. मला वाटलं अजगर, पण नाव म्हणे 'माँटी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून ठेवलंय. म्हणजे सुरुवातच शुभ! संख्याशास्त्रवाल्यांच्या 'आर' नावाच्या भाषेत तर खास याच कामासाठी 'मीमरी' म्हणून एक तयार पॅकेज कुणी लिहून ठेवलंय. चित्र द्या, ओळी द्या, आलेख द्या, तो सगळं चिकटवून देतो. पण भाचीला पायथन येत होती, म्हणून आम्ही तीच घेतली. त्यात चित्रावर काम करायला जे लागतं त्याचं नाव 'पिलो'. म्हणजे उशी. दुपारी आडवी पडणारी बाई आणि उशी, जमलंच की!

मला आधी धास्ती वाटली. पण रांगोळी काढणारीला यात अवघड काही नाही, हे शपथेवर सांगते. चित्र म्हणजे ठिपके. आमचं चित्र १०८० बाय १०८० ठिपक्यांचं, म्हणजे ११ लाख ६६ हजार ४०० ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला एक रंग. 'इतके ठिपके उजवीकडे जा, इतके खाली ये, तिथून ही ओळ लिही' एवढंच त्याला सांगायचं. फरक एकच. शाळेतल्या आलेखात शून्य खाली डाव्या कोपऱ्यात असतो, इथे वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि आकडा वाढला की आपण खाली जातो. माझी पहिली ओळ त्यामुळे चित्राच्या बाहेरच गेली. ओळ लांब असेल तर आधी तिची रुंदी मोजायची आणि बसत नसेल तर शब्दावर मोडायची, साडीच्या निऱ्या मोजून घालतो तशी. अक्षरं पांढरी, त्यांना काळी कड. कड असली की मागे उजेड असो की अंधार, अक्षर वाचता येतं.

खरी गंमत पुढे. इंग्रजी मीमवरची ती जाड अक्षरं 'इम्पॅक्ट' नावाच्या फाँटची असतात, १९६५ सालच्या. त्यात देवनागरी नाही. मग आम्ही 'मुक्ता' हा मराठी फाँट फुकट उतरवून घेतला. प्रोग्राम चालवला आणि चित्रावर उमटलं 'दविसभर'! दिवसभरची वेलांटी द ला सोडून व च्या डोक्यावर जाऊन बसलेली. 'स्त्रिया'चं तर बघवेना, स चा पाय वेगळा, त चा पाय वेगळा, जोडाक्षराची पार फाटाफूट.

कारण कळल्यावर मात्र मला मौज वाटली. कॉम्प्युटर आपली अक्षरं बोलण्याच्या क्रमानं साठवतो. आधी द, मग त्याची वेलांटी. पण लिहिताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची असते. हे उलटं-सुलटं करायला आणि जोडाक्षरं जुळवायला मधे एक वेगळं काम करावं लागतं. पिलोमध्ये ते 'राक्म' नावाचा भाग करतो आणि त्याला लागणारी एक फाइल आमच्या लॅपटॉपवर नव्हती. ती टाकली आणि वेलांटी गपगुमान जागेवर आली. इंग्रजीला ही भानगडच नाही, म्हणून शिकवणारे कुणी सांगत नाहीत. तुमची अक्षरं अशी फुटली तर स्वतःला दोष देऊ नका, एवढ्यासाठी इतकं सांगितलं. आलेख काढणारं जे होतं, मॅटप्लॉटलिब, तेही आमच्याकडे मराठी अक्षरं तशीच फोडत होतं. मग त्याच्याकडून फक्त दोन खांब काढून घेतले आणि 'बायका', 'पुरुष' हे शब्द नंतर पिलोनं वरून लिहिले.

दोन खांब उभे राहिले. एक २९९ चा, एक ९७ चा. तिप्पट. पण मला तो फरक तितकासा डोळ्यांत भरेना. मी म्हटलं, "अजून मोठा दिसेल असं कर ना काही." भाची नाखूश होती, पण तिनं दाखवलं. खालचा अक्ष शून्याऐवजी ८० पासून सुरू करायचा. ती ओळ मीच माझ्या हातानं लिहिली. आता पुरुषांचा खांब उरला १७ चा आणि बायकांचा २१९ चा. तिपटीची जवळजवळ तेरापट झाली! मी खूश. चित्र ग्रुपवर टाकलं.

पाच मिनिटांत दीरांचा मेसेज. "वहिनी, तुमच्या आलेखातला शून्य कुठे गेला?" मागोमाग दुसरा. "आणि ह्या कुठल्या बायका? आपल्या घरच्या नव्हेत." पुन्हा तीच हसऱ्या चेहऱ्यांची रांग. माझे कान गरम झाले. माणूस वात्रट आहे, पण नजर पक्की. खांबाची लांबी म्हणजेच आकडा, मग खांब कापला की आकडाच कापला. खरा हिशेब माझ्या बाजूनं होता आणि मी त्यात पाणी घातलं होतं.

सुटी संपली, भाची गेली. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. दुधाचा हिशेब लिहितो त्याच पानाच्या मागे सात दिवस मिनिटं लिहिली, घड्याळ बघून. पाणी भरणं, स्वयंपाक, भांडी, कपडे, निवडणं-टिपणं. ह्यांचंही लिहिलं, न सांगता पण प्रामाणिकपणे: सिलिंडर बदलला, मोटार लावली, भाजी आणली. आठवड्याची सरासरी निघाली माझी ३८० मिनिटं, ह्यांची ४०. मग एकटीनं प्रोग्राम उघडला. दोन आकडे बदलले, फोटोचं नाव बदललं आणि ती ८० ची ओळ खोडून टाकली. फोटो आमच्याच सिंकचा, रात्री दहाचा. वर लिहिलं 'दिवसभर घरी काय करते?' आणि खाली एकच शब्द, 'मोजलं.'

टाकलं. ग्रुप गप्प. तासाभरानं जाऊबाईंचा नमस्कार आला, जोडलेले हात. दीरांनी काहीच लिहिलं नाही. सासूबाईंनी चष्मा लावून फोन जवळ धरला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्यात माझं औषधपाणी धरलंस का?" धरलं नव्हतं. सरकारी पाहणीतही घरच्यांची सेवा-शुश्रूषा वेगळी मोजतात, हे मी त्यांना सांगितलं. "वेगळी का गं? करणारी तर तूच," म्हणाल्या.

हे रात्री बोलले. "गुरुवारी गाडी धुतली ती धरली नाहीस." म्हटलं, "बरं, मग तुम्ही लिहा." तीन दिवस लिहिलंही कॅलेंडरवर, बारीक अक्षरात. चौथ्या दिवसापासून राहिलं ते राहिलंच. मात्र त्यानंतर तसल्या चित्राखाली ह्यांचा हसरा चेहरा मला दिसला नाही. गाडी धुतलेली वीस मिनिटं मी धरली, सरासरीत जेमतेम तीन मिनिटं वाढली.

ही गोष्ट भिशीत फुटली आणि मग काय, 'माझंही काढून दे.' इथे मला भाचीचं म्हणणं पटलं. हातानं नऊजणींची नऊ चित्रं काढायची तर माझ्याच ३८० मध्ये भर पडली असती! एका फाइलमध्ये प्रत्येकीची एक ओळ केली: नाव, तिची मिनिटं, घरातल्या पुरुषाची मिनिटं, फोटोचं नाव. प्रोग्रामला सांगितलं की एकेक ओळ घे आणि एकेक चित्र कर. चहा गाळेपर्यंत नऊ चित्रं तयार. कुणाचा फोटो चुलीचा, कुणाचा धुण्याच्या दगडाचा, एकीनं नुसत्या आपल्या हातांचा दिला होता. मथळे ज्याच्या त्याच्या. एकीनं लिहायला सांगितलं, 'आज सुटी कुणाला?'

आठजणींनी चित्रं फोनवर घेतली. नववी मागच्या गल्लीतली, माझ्याहून वयानं मोठी, मी त्यांना काकूच म्हणते. त्यांची मिनिटं ५४५. दुपारी येऊन लॅपटॉपसमोर बसल्या, त्या खांबावरून खालून वरपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "इतकं?" मग लगेच, "फोनवर नको पाठवू. फोन मुलाच्या हातात असतो." मी पाठवलं नाही. चित्र माझ्याकडेच आहे. मधे दोनदा येऊन बघून गेल्या.

परवा पुन्हा आल्या. म्हणाल्या, "माझा आकडा बदल गं. पाण्याची चाळीस मिनिटं काढून टाक." मला बरं वाटलं. म्हटलं, "नळ आला का घरात?" तर म्हणाल्या, "नाही. सून आली. आता पाणी ती भरते."

मी फाइल उघडली. काकूंच्या ओळीतल्या ५४५ चे ५०५ केले. आणि खाली एक नवी ओळ घातली.