मागच्या वर्षीचं उत्पन्न, आजची अडचण

आर्थिक मदत हवी असं सांगत आमच्या टेबलापर्यंत सहसा कोणी येत नाही. मुलं येतात ती भलत्याच कामाला. एकाला परीक्षेच्या फॉर्मची लेट फी माफ होईल का ते विचारायचं असतं, एकीला हजेरी का कमी पडली ते सांगायचं असतं आणि एखादा सरळ टी.सी. मागतो. पुण्यातल्या एका महाविद्यालयात विद्यार्थी विकास अधिकाऱ्याचं काम करताना कळलं, की अर्ध्या सत्रात टी.सी. मागणाऱ्याची निकड सगळ्यात मोठी. ऑफिसमधल्या काकांना हे माझ्याआधीच कळलेलं. खिडकीतूनच म्हणतात, "आधी मॅडमना भेटून ये."

सरकारी योजना नाहीत असं नाही. फीसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. दोन्हीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. अर्जात त्रुटी निघाली की तो परत येतो, आधार बँकेशी जोडलेलं नसलं की पैसे अडकतात. वर्षभराच्या आधारासाठी ही व्यवस्था ठीक. परवा मेसवाल्याने ताट बंद केलं, त्यावर तिच्याकडे उत्तर नाही. 2018 च्या ऑक्टोबरअखेर राज्यातले 151 तालुके दुष्काळी जाहीर झाले. अशा तालुक्यांतल्या मुलांना परीक्षा शुल्कात सवलत मिळते. पण मेसवाला कशाला तालुका विचारतो?

सगळ्यात विचित्र कागद म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तो मागच्या वर्षाचं बोलतो. वडील जूनमध्ये गेले, तरी दाखल्यावर त्यांची कमाई शाबूत. कागदावर घर सुस्थितीत, आणि मुलगी वडापाववर दिवस काढतेय.

मग उरतो आमचा विद्यार्थी साहाय्य निधी. प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाकडून घेतलेल्या किरकोळ रकमेतून तो साठतो. याद्या मागवायच्या, समिती बसवायची, ठराव करायचा, ही त्याची जुनी रीत. अडचण काही समितीची तारीख बघून येत नाही. म्हणून प्राचार्यांच्या संमतीने थोडी रक्कम वेगळी काढली: वर्गशिक्षक, मी आणि प्राचार्य, तिघांच्या सह्या त्याच दिवशी, कागद मागाहून. 'कमवा व शिका' योजनेत नावही घालून देतो, पण तिथे आधी काम, मग तासांचा हिशेब, मग पैसे.

पैसे द्यायचे कसे, यावर आमच्यात वाद झाला. गैरवापर नको म्हणून थेट मेसवाल्याला द्यावेत, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. तसं केलंही. पुढे एका मुलीने विचारलं, "माझ्या खात्यात टाकाल का? तिथे सगळ्यांना कळतं." तेव्हापासून मी खात्यातच टाकते. एखादा फसवेलही, पण त्या भीतीपायी बाकीच्यांना चारचौघांत उभं करणं मला पटत नाही. हिशेबनीसांना अजून पटलेलं नाही.

बोलण्याचीही एक रीत बसली आहे. "पैसे कशाला हवेत?" असं विचारलं की मूल गप्प होतं. "सकाळी काय खाल्लं?" विचारलं की बोलतं.

विद्यार्थ्यांनो, फीची पावती एकदा नीट वाचा. त्यावर साहाय्य निधीचं शीर्ष असेल तर तो पैसा तुमचाच आहे. तो कुणाकडे मागायचा, हे गरज पडण्याआधी, पहिल्याच सत्रात विचारून ठेवा.