यूजीसी क्रिएटरसाठी ब्रीफ कसं लिहावं? लाखाच्या चरख्यापासून वायगावच्या हळदीपर्यंत

यूजीसी म्हटलं की आपल्यासारख्यांना नेटची तारीख, फेलोशिप आणि दिल्लीचा विद्यापीठ अनुदान आयोग आठवतो. आजचा लेख त्या यूजीसीबद्दल नाही. जाहिरातीच्या धंद्यात यूजीसी म्हणजे ‘युजर जनरेटेड कंटेंट’, म्हणजे वस्तू वापरणाऱ्यानं स्वतः केलेला फोटो, व्हिडिओ किंवा अभिप्राय. अशा धाटणीचा व्हिडिओ मोबदला घेऊन करून देणारा तो यूजीसी क्रिएटर. आणि काय हवंय हे त्याला सांगणारा एक-दोन पानी कागद म्हणजे ब्रीफ.

‘मी कुठे जाहिराती करणारे?’ असं म्हणून लेख सोडू नका. पत्रकारिता, वाणिज्य, व्यवस्थापन या विषयांत पीएचडी करायची असेल तर हा सरळ संशोधनाचाच विषय आहे. आणि समाजशास्त्र, शिक्षण, गृहविज्ञान असं काही करणार असाल तरी उद्या तुम्ही कोणाला तरी म्हणणारच आहात, “ताई, आठवडाभर तुमच्या स्वयंपाकघराचे फोटो काढून द्या” किंवा “रोज दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करा.” त्या ताईला दिलेली सूचना हेही ब्रीफच. ते बिघडलं की डेटा बिघडला.

आधी व्याख्येतली गाठ सोडवू

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००७ साली वापरकर्त्यांनी तयार केलेल्या मजकुरावर एक अहवाल काढला. त्यात तीन कसोट्या दिल्या होत्या. एक, तो मजकूर कुठेतरी प्रसिद्ध झालेला असावा. दोन, त्यात करणाऱ्याची स्वतःची काही सर्जनशील मेहनत असावी. तीन, तो व्यावसायिक कामाच्या चाकोरीबाहेर तयार झालेला असावा.

आता तिसरी कसोटी यूजीसी क्रिएटरला लावून बघा. तो पैसे घेतो, मुदत पाळतो, ब्रीफप्रमाणे काम करतो. म्हणजे नाव यूजीसी, पण व्याख्येत बसत नाही! विकत घेतला जातो तो सामान्य वापरकर्त्याचा सूर. सिनॉप्सिस लिहिताना ‘यूजीसी’ हा शब्द नुसता टाकून दिलात तर परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवणार. आपोआप आलेला मजकूर, स्पर्धा लावून मागवलेला मजकूर आणि मोबदला देऊन करवून घेतलेला मजकूर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण कोणती अभ्यासतोय ते पहिल्याच पानावर लिहा.

ब्रीफ लिहिणाऱ्याची खरी अडचणही इथेच आहे. फार कमी सांगितलं तर भलतंच काहीतरी हाती येतं. फार जास्त सांगितलं तर ज्या सहज सुरासाठी पैसे दिले, तोच जातो. फ्रिस्टॅड आणि राइट यांनी १९९४ साली एक सिद्धांत मांडला. त्याचा गाभा असा, की आपल्याला पटवण्याचा प्रयत्न चाललाय हे ओळखण्याचं ज्ञान लोकांकडे साठत जातं, आणि ते जागं झालं की माणूस समोरच्या संदेशाकडे वेगळ्या नजरेनं बघतो. पाठ केलेलं वाक्य ऐकलं की हे ज्ञान जागं होतं.

मग ठरवून किती द्यायचं आणि मोकळं किती सोडायचं? याचं एक झकास उदाहरण जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचं आहे.

एक लाख रुपयांचं ब्रीफ

जुलै १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. गांधीजी तेव्हा साबरमतीला होते, वर्ध्याला यायला अजून काही वर्षं होती. जाहिरातीतल्या अटी थोडक्यात अशा:

- यंत्र हलकं, सहज हलवता येणारं असावं आणि खेड्यातल्या साध्या घरात हातानं किंवा पायानं चालवता यावं.
- बाईला सलग आठ तास फार कष्ट न होता त्यावर काम करता यावं.
- ते हातानं केलेल्या पेळूवर चालावं, नाहीतर पिंजण्याची सोय यंत्रासोबतच असावी.
- आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघावं.
- भारतात बनवण्याचा खर्च १५० रुपयांच्या वर जाऊ नये.
- वेळच्या वेळी देखभाल केली तर ते किमान २० वर्षं चालावं, आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये.

यंत्र साबरमतीला पोहोचवायची मुदत होती ३० ऑक्टोबर १९३०. बक्षीस हवं असेल तर पेटंटचे हक्क संघाकडे द्यावे लागतील, हेही आधीच सांगितलेलं होतं.

आता यात काय नाही ते बघा. चाक केवढं असावं? चात्या किती? लाकूड की लोखंड? याबद्दल अक्षर नाही. शेवटी काय साधलं पाहिजे ते मोजून सांगितलंय आणि कसं साधायचं ते करणाऱ्यावर सोडलंय. १६,००० फूट म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर सूत. ते निघतं की नाही, हे कोणीही मोजून बघू शकतो. शिवाय वापर कोण करणार आणि कुठे करणार, हे पहिल्या दोन अटींतच आहे. प्रयोगशाळेत चालून उपयोग नाही, खेड्यातल्या घरात चाललं पाहिजे.

एक अट मात्र बाकीच्यांसारखी नाही: ‘फार कष्ट न होता’. हे मोजायचं कसं? कोणत्या बाईला बसवायचं? धडधाकट आणि सराव असलेली, की अर्धपोटी? दोन परीक्षक इथे दोन उत्तरं देतील. आपल्या प्रश्नावलीत ‘योग्य’, ‘पुरेसं’, ‘प्रभावी’ असे शब्द येतात तेव्हा अगदी हेच होतं. म्हणून ब्रीफ लिहून झालं की त्यातल्या विशेषणांखाली रेघ मारा आणि प्रत्येकाला विचारा, “तू झालास की नाहीस, हे मला कळणार कसं?”

बक्षीस कोणालाच मिळालं नाही. सगळ्या अटी पुऱ्या करणारं यंत्र आलंच नाही. म्हणजे चांगल्या ब्रीफमुळे चांगलं काम होईलच अशी हमी नाही. पण ‘हे का नाकारलं?’ या प्रश्नाला उत्तर असतं आणि पुढे सुधारणा करणाऱ्याला दिशा मिळते. चरख्यात पुढे कसकशा सुधारणा होत गेल्या ते बघायचं असेल तर वर्ध्यातच मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ला गांधीजींच्या हस्ते ते उघडलं. एकदा सवड काढून बघाच.

अटींमुळे सर्जनशीलता मरते, असं आपण सहज म्हणतो. अकार, ताराकजी आणि व्हान क्निपेनबर्ग यांनी २०१९ मध्ये या विषयावरच्या १४५ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष साधारण असा, की मध्यम अटी असतील तर काम चांगलं होतं, अटी अजिबात नसतील तर माणूस सोपी वाट धरतो आणि फार झाल्या तर गुदमरतो. आलेख काढला तर उलट्या ‘यू’सारखा.

आता आपली हळद

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव हळदीसाठी ओळखलं जातं. वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. समजा, तिथल्या एका शेतकरी गटाला हिंगणघाटच्या एका क्रिएटरकडून व्हिडिओ करून घ्यायचाय. ब्रीफ बहुतेक वेळा असं जातं:

“वायगाव हळदीवर ३० सेकंदांची छान रील करा. हळदीचे फायदे सांगा. भाषा शुद्ध ठेवा. नॅचरल वाटली पाहिजे, व्हायरल झाली पाहिजे.”

‘छान’ कोणासाठी, ते माहीत नाही. ‘व्हायरल’ होणं क्रिएटरच्या हातात नाही. ‘शुद्ध’ आणि ‘नॅचरल’ एकमेकांशी भांडतायत, कारण ही मुलगी घरी ‘वावर’ म्हणते आणि तिला ‘शेत’ म्हणायला लावलं की सूर गेलाच. सगळ्यात धोक्याचं वाक्य ‘फायदे सांगा’. ती गुगल करणार आणि ‘हळदीनं शुगर जाते, कॅन्सर बरा होतो’ असं बोलून मोकळी होणार. १९५४च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत मधुमेह आणि कर्करोग दोन्ही आहेत. चूक ब्रीफची, पण चेहरा तिचा आणि नाव गावाचं.

तेच ब्रीफ असं लिहून बघू:

१. कोणासाठी: नागपूर-पुण्यातली, वर्षाची हळद एकदम दळून आणणारी कुटुंबं.
२. एकच गोष्ट पोहोचवायची: पुडीऐवजी अख्खं हळकुंड घ्या, रंग आणि वास स्वतः बघून मग दळा.
३. एक गोष्ट दाखवायचीच: हळकुंड फोडून आतला रंग.
४. तुमच्यावर सोडलेलं: सुरुवात, जागा, शब्द, बोली, कोणाला सोबत घ्यायचं ते.
५. बोलायचं नाही: कुठल्याही आजाराचं नाव, दुसऱ्या गावाच्या हळदीची निंदा.
६. आधी वापरा: एक किलो हळद सोबत पाठवतोय, दोन आठवडे स्वयंपाकात वापरा. आवडली नाही तर नाही म्हणा, वेळेचा ठरलेला मोबदला मिळेल.
७. जाहीर करा: हे सशुल्क काम आहे, हे व्हिडिओतच ठळक दिसेल असं.
८. द्यायचं काय: उभा व्हिडिओ, ३० ते ४५ सेकंद, मूळ फाइलसह, अमुक तारखेला.
९. दुरुस्ती: एकदाच, आणि फक्त माहिती चुकली असेल तर.
१०. पैसे आणि हक्क: रक्कम किती, कधी मिळणार, व्हिडिओ कुठल्या पानावर आणि किती महिने चालणार.

सहावा आणि सातवा मुद्दा नुसता चांगुलपणा नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्र सरकारची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की शिफारस ही करणाऱ्याचं खरं मत असावी आणि वस्तूच्या पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली असावी. जानेवारी २०२३मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं इन्फ्लुएन्सरसाठी जी पुस्तिका काढली, त्याप्रमाणे पैसेच नव्हे, फुकट मिळालेली वस्तूही जाहीर करावी लागते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दंड १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत होऊ शकतो, आणि तो शिफारस करणाऱ्यालाही लागू शकतो.

दहावा मुद्दा क्रिएटर मंडळी वाचतच नाहीत. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रफितीची पहिली मालकी करवून घेणाऱ्याकडे जाते. उलट, तिनं आपल्या हौसेनं आधीच केलेला व्हिडिओ गटाला हवा असेल तर मालकी तिची. ती हस्तांतरित करायला लेखी कागद लागतो आणि त्यात मुदत लिहिलीच नाही तर कलम १९ ती पाच वर्षं धरतं. म्हणजे वर केलेला व्याख्येचा फरक, आपोआप आलेलं की करवून घेतलेलं, फक्त सिनॉप्सिसपुरता नाही. चेहरा कोणाच्या जाहिरातीत किती वर्षं फिरणार, ते त्यावर ठरतं.

यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

‘यूजीसी ब्रीफची परिणामकारकता: एक अभ्यास’ असं शीर्षक देऊ नका. ‘परिणामकारकता’ म्हणजे पुन्हा ‘फार कष्ट न होता’. त्याऐवजी असं विचारा: ब्रीफमधल्या बंधनांची संख्या वाढवली तर व्हिडिओ ‘खऱ्या वापरकर्त्याचा’ वाटण्याचं प्रमाण बदलतं का?

तीन प्रकारची ब्रीफं करा: मोकळं, मध्यम आणि संवाद लिहून दिलेलं. कोणाला कोणतं मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर हुशार क्रिएटर एकाच गटात जमतील आणि फरक ब्रीफचा की कौशल्याचा ते कळणार नाही. प्रत्येकाकडून तिन्ही करून घेणार असाल तर क्रम बदलत ठेवा, कारण तिसऱ्या व्हिडिओपर्यंत हात बसलेला असतो. ‘सशुल्क’ ही सूचना सगळ्या व्हिडिओंत सारखी ठेवा. गुण देणाऱ्यांना कुठला व्हिडिओ कुठल्या ब्रीफचा ते सांगू नका, आणि दोन जणांचे गुण किती जुळतात ते आधी तपासा.

आणखी एक. क्रिएटर इथे कामगारही आहे आणि तुमच्या अभ्यासातली सहभागीही. कामाचा करार आणि संशोधनाची संमती हे दोन वेगळे कागद करा. अभ्यासातून मधेच बाहेर पडली म्हणून तिचे कामाचे पैसे अडकता कामा नयेत.

या आठवड्यात एवढं करून बघा. तुमच्या अभ्यासातल्या सहभागींना देणार आहात ती सूचना एका पानात लिहा आणि विषयाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी, शेजारच्या काकूंना चालेल, वाचायला द्या. नंतर कागद काढून घ्या आणि विचारा, “काय करायचं, काय करायचं नाही आणि तुमच्या मनानं काय ठरवायचं?” तिन्ही उत्तरं नीट आली तर पान वापरायला घ्या. जिथे काकू अडखळल्या ती ओळ आधी बदला, गाइडकडे नंतर जा.