आधी मैदान, मग मनोरा

ओव्हल मैदानाच्या कडेने निघायचे, इरॉस चित्रपटगृहावरून समुद्राकडे वळायचे आणि मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याने गिरगाव चौपाटी गाठायची, ही मुंबईतली सर्वांत देखणी पायवाट आहे. ओव्हलच्या परिसरातल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको अशा ९४ इमारतींना युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारसा यादीत स्थान दिले, तेव्हापासून इथे मोबाइल आणि कॅमेरे घेऊन येणारे वाढले आहेत. मात्र बहुतेक फोटोंत दिसते ती एकेक सुटी इमारत, कडेपर्यंत कापलेली, समोरचे सगळे वगळलेली. युनेस्कोने मान दिला तो इमारतींच्या समूहाला, आणि तो समूह एकत्र बांधला गेला आहे मधल्या मोकळ्या जागेने. म्हणून या वाटेवर फोटोचा मुख्य विषय मैदान आणि समुद्रकाठ हाच धरावा आणि इमारतींनी त्याच्या काठावर उभे राहावे, असे माझे मत आहे. त्याची कारणे भूमितीत आहेत, इतिहासात आहेत आणि उन्हातही आहेत.

आधी भूमिती. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरची उंची सुमारे ८५ मीटर आहे. त्याच्या पायथ्याशी उभे राहून तो मावावा म्हणून मोबाइल वर कलवला, की मनोऱ्याच्या दोन्ही कडा एकमेकींकडे झुकतात आणि मनोरा मागे रेलल्यासारखा दिसतो. हा भिंगाचा दोष नव्हे. कॅमेऱ्याचा सेन्सर आणि समोरची भिंत समांतर राहिली नाही, की असेच होणार. उपाय एकच, कॅमेरा सरळ धरून मागे सरकत जाणे. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा उभा धरला तर क्षितिजाच्या वर साधारण ३४ अंशांपर्यंतचे दृश्य त्याच्यात येते. तेवढ्या कोनात हा मनोरा बसवायला सव्वाशे मीटरच्या आसपास अंतर लागते. दाट वस्तीच्या शहरात एखाद्या उंच वास्तूसमोर इतके मागे जायला जागा सहसा मिळत नाही. इथे ती मिळते, कारण समोर ओव्हल आहे. आणि कॅमेरा सरळ असला की क्षितिज चौकटीच्या मधोमध येते, म्हणजे खालचा अर्धा भाग आपोआप मैदानाचा होतो. तो ‘रिकामा’ म्हणून नंतर कापून टाकण्याची सवय आपल्याला लागली आहे. पण मनोरा ताठ दिसतो तो त्या अर्ध्या भागाच्याच जोरावर.

ही जागा मोकळी राहिली ती योगायोगाने नाही. मुंबईच्या जुन्या किल्ल्याबाहेरचा हा भाग एस्प्लनेड म्हणून मोकळा ठेवलेला होता. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि तिच्या जागी पश्चिमेकडे तोंड करून सार्वजनिक इमारतींची रांग उभी राहिली : जुने सचिवालय १८७४ मध्ये, कर्नल फुलर यांनी आराखडा केलेले उच्च न्यायालय १८७८ मध्ये, आणि त्याच साली राजाबाई टॉवर. टॉवरचा खर्च प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून झाला. आराखडा मात्र जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊलही न ठेवता इंग्लंडमधूनच केला. या रांगेच्या समोर तेव्हा मैदान होते, त्याच्या पलीकडे रेल्वेचे रूळ आणि लगेच समुद्र. पुढे बॅकबे या उपसागरात भराव पडला, किनारा पश्चिमेकडे सरकला आणि १९३० च्या दशकात मैदानाच्या पश्चिम काठावर एम्प्रेस कोर्ट, रजब महल यांसारखी घरे उभी राहिली : सिमेंट काँक्रीटची, गोलाईदार सज्जांची, खिडक्यांवर आडव्या छज्ज्यांच्या रेघा असलेली. पूर्वेला कोरीव दगड आणि टोकदार कमानी, पश्चिमेला गुळगुळीत गिलावा आणि बोटीच्या कठड्यासारखी रेलिंग. मैदानाची रुंदी पायी दोन-तीन मिनिटांची, पण तेवढ्यात साठेक वर्षे ओलांडली जातात आणि सरकलेला किनाराही कळतो. नुसत्या न्यायालयाच्या किंवा नुसत्या रजब महलच्या फोटोत हे कधीच सापडणार नाही. मैदानाच्या दक्षिण टोकाला उभे राहून उत्तरेकडे पाहिले, तर दोन्ही रांगा एका चौकटीत येतात. सगळ्या वाटेवरचा एकच फोटो काढायचा झाला तर मी हाच सुचवीन.

उन्हाचे गणितही मैदानाशी जोडलेले आहे. गॉथिक रांगेचे तोंड पश्चिमेला, म्हणून तिच्यावर ऊन येते दुपारनंतर. डेको घरांचे तोंड मैदानाकडे, म्हणजे पूर्वेला, म्हणून ती उजळतात सकाळी. एका फेरीत दोन्ही चांगल्या मिळत नाहीत. मरीन ड्राइव्हची रांग समुद्राकडे पाहणारी असल्याने तिलाही संध्याकाळच धार्जिणी. कट्ट्याच्या मधल्या टप्प्यावरून हिवाळ्यात सूर्य उघड्या समुद्रात मावळतो, तर मे-जूनमध्ये तो मलबार हिलच्या आड जातो, आणि त्यानुसार चौकट फिरवावी लागते. पावसाळी ढगाळ उजेडाला लोक नाके मुरडतात. पण न्यायालयाच्या काळ्या दगडावर कडक उन्हात सावल्या इतक्या गडद पडतात की कोरीवकाम बुडून जाते. ढगांखाली ते नीट उमटते.

यावर पहिला आक्षेप असा, की तिरक्या रेषा आता मोबाइलमधल्या मोबाइलमध्ये सरळ करता येतात, मग सव्वाशे मीटर चालायचे कशाला? रेषा सरळ होतात हे खरे. पण तसे करताना वरचा भाग ताणला जातो, कडा कापल्या जातात आणि मनोऱ्याची प्रमाणे बिघडतात. शिवाय जे टिपलेच नाही ते कोणतेही ॲप परत आणू शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : इतक्या लांबून इमारत लहान दिसते आणि शिल्पातले बारकावे हरवतात. हे मान्यच करायला हवे. खांबांवरची नक्षी, डेको दारांवरच्या लोखंडी जाळ्या, इमारतींच्या नावांची ती खास अक्षरे, हे सगळे जवळूनच पाहायचे असते. माझे म्हणणे क्रमाबद्दल आहे. लांबचा फोटो आधी काढला, तर ती नक्षी कोणत्या भिंतीवरची आणि ती भिंत कशासमोरची, याचा पत्ता जवळच्या फोटोला मिळतो.

तिसरी तक्रार गर्दीची. ओव्हलवर एकाच वेळी अनेक सामने चाललेले असतात, कट्ट्यावर माणसेच माणसे. म्हणून काही जण पहाटेची निर्जन वेळ गाठतात. मला ही काटछाट पटत नाही. ८५ मीटर हा आकडा डोळ्यांना काही सांगत नाही. मनोऱ्यासमोर धावत येणारा गोलंदाज सांगतो, कारण त्याच्या उंचीची पन्नासेक माणसे एकावर एक उभी राहिली तर मनोऱ्याचे टोक येईल. शिवाय हे मैदान खेळायला उरले आहे त्यामागे लोकांची खटपट आहे. १९९० च्या दशकात त्याची दुर्दशा झाली असताना परिसरातल्या रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली आणि देखभालीची जबाबदारी अंगावर घेतली. खेळणारी माणसे वगळून काढलेला ओव्हलचा फोटो अपुराच म्हणायला हवा. कट्ट्यावर मात्र एक पथ्य पाळावेच. तिथे बसलेल्या जोडप्यांना या शहरात दुसरीकडे एकांत मिळत नाही. पाठमोऱ्या, दूरच्या आकृतींनी चौकटीचे काम भागते. लांब पल्ल्याचे भिंग लावून कुणाचा चेहरा ओढून घेण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही.

मरीन ड्राइव्हवर मोकळ्या जागेचा मुद्दा वेगळ्या रूपात दिसतो. इथल्या इमारती सुट्या घेतल्या तर त्यांतल्या बऱ्याच साध्याच आहेत. त्यांची शान आहे ती जवळपास सारख्या उंचीत, उपसागराच्या वळणाबरोबर वळत जाणाऱ्या ओळीत. ती ओळ दिसायला कट्टा आणि पाणी दोन्ही चौकटीत लागतात. उत्तरेकडे जाताना पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांची मैदाने येतात, ओळ तुटते आणि मागचे शहर डोकावते. छायाचित्रकार हा टप्पा सहसा गाळतात, पण शहराच्या थरांबद्दल तो बरेच बोलतो. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कवरून दिसणाऱ्या ‘राणीच्या कंठहारा’चा, म्हणजे रात्रीच्या मरीन ड्राइव्हचा फोटो तर सगळ्यांकडेच असतो. तो सुंदर आहे, पण तिथून दिव्यांची माळ तेवढी दिसते, कट्ट्यावर माणूस किती लहान आणि आकाश किती मोठे वाटते ते त्यात येत नाही.

हे सगळे आत्ताच टिपण्याची गरजही आहे. २०२४ मध्ये किनारी रस्ता सुरू झाला, त्यासाठी प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापुढे बोगद्याचे तोंड आले आणि पलीकडे वरळीपर्यंत पुन्हा समुद्रात भराव पडला. किनारा अजूनही सरकतो आहे. डेको घरांच्या सज्जांना काचा लागतात, वातानुकूलन यंत्रे टांगली जातात, रंग बदलतात. यातले काय चालेल आणि काय नाही, हे वारसा नियमांनुसार ठरवताना दर काही वर्षांनी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, समोरच्या मैदानासकट काढलेले फोटो पुरावा म्हणून उपयोगी पडतील. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. तारीख, वेळ आणि कुठे उभे होतो ती जागा लिहून ठेवली म्हणजे झाले.