‘संत कथबर्टचे मणी’ व त्यांचा उलगडा

ताडपत्रावरील पोथीचें सूत्र तुटून पानें विखुरलीं, म्हणजे एकेक पान शाबूत असूनहि ग्रंथ हरवतो, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. पाषाणांतहि याच जातीचें एक उदाहरण आढळतें. तें येथें देत आहों.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगत लिंडिसफार्न नांवाचें बेट आहे. तेथील चुनखडकांतून सुटलेल्या, मध्यें छिद्र असलेल्या वाटोळ्या चकत्या वाळूंत सांपडतात. लोक त्यांस ‘संत कथबर्टचे मणी’ म्हणत व ओंवून माळहि करीत. कथबर्ट इ. स. ६८७ मध्यें वारला. या नांवाचा लेखी पुरावा मात्र सतराव्या शतकांतला, म्हणजे सुमारें हजार वर्षांनंतरचा. आणि खुद्द चकत्या तर सुमारें ३३ कोटी वर्षांपूर्वींच्या!

वस्तुतः या चकत्या क्रिनॉइड नामक सागरी प्राण्याच्या देठाचे तुकडे होत. ग्रीक भाषेंत ‘क्रिनॉन’ म्हणजे लिलीचें फूल, त्यावरून जे. एस. मिलर यानें १८२१ सालीं या वर्गास नांव दिलें. नांव फुलाचें असलें तरी हा प्राणीच, तारामाशाचा सगोत्र. तळाशीं रुजलेला देठ, त्यावर पेल्यासारखा देह व सभोंवतीं पिसांसारखे हात, अशी त्याची रचना. हातांवरील सूक्ष्म नलिका पाण्यांतील अन्नकण टिपतात व खोबणींतून मुखाकडे पोंचवितात. प्राणी मेला म्हणजे चकत्या जोडणारे तंतु थोड्याच दिवसांत कुजतात व देठ विस्कटतो. तत्काळ गाळाखालीं पुरला गेला तरच तो सबंध राहतो.

हात वर पसरून हा प्राणी संथ पाण्यांत वरून पडणारे कण झेलीत असावा, असें पूर्वीं मानीत. परंतु देठयुक्त क्रिनॉइड खोल समुद्रांत आजहि जिवंत आहेत. त्यांचें निरीक्षण करून मॅकर्डा व मायर यांनीं १९७४ सालीं दाखविलें कीं, ते वाहत्या पाण्याचाच आश्रय करितात. हातांचीं टोकें प्रवाहाविरुद्ध वांकवून पंखा उभारतात व मुख प्रवाह जिकडे जातो त्या बाजूस ठेवितात. सुट्या मण्यावरून हें कोणासहि कळलें नसतें.

तरुणपणीं एका बाडांतील सुटीं पानें विषयवार लावण्याच्या उत्साहांत आम्हीं त्यांचा मूळ क्रम मोडला. तो पुन्हां जुळला नाहीं. म्हणून संग्राहकांस विनंति इतकीच कीं, कोणतेंहि पान उचलण्यापूर्वीं तें कोठें, कशाखालीं व कोणत्या क्रमानें होतें, तें टिपून ठेवावें.