माटोळी : आभार मानायचे, तर रान उरले पाहिजे

गोमंतकात चवथ दोन-तीन दिवसांवर आली की म्हापसा, फोंडा, पणजी, डिचोली अशा शहरांच्या नेहमीच्या बाजारपेठांना लागून आणखी एक बाजार भरतो. सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा या भागांतून आलेली माणसे रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसतात. त्यांच्यापुढे सुपारीचे कातरे, कांगल्यांचे झुबके, कुड्याच्या जोडशेंगा, लालभडक कवंडळे, घागऱ्या आणि फागलांचे ढीग मांडलेले असतात. यांतील बऱ्याच वस्तूंना वर्षाच्या इतर दिवशी गिऱ्हाईक मिळणार नाही. चवथीला मात्र त्यांच्यासाठी गर्दी उसळते, कारण त्यांच्यावाचून माटोळी पुरी होत नाही.

माटोळी म्हणजे गणेशमूर्तीच्या वर, छताला टांगलेली लाकडी चौकट आणि तिला बांधलेली फळे, फुले, शेंगा व पाने. कोकणीत मांडवाला ‘माटव’ म्हणतात. माटोळी हे त्याचेच लहान रूप मानले जाते. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात हिलाच ‘माटवी’ म्हणतात. चौकट बहुधा वर्षानुवर्षे तीच असते. तिच्या उभ्याआडव्या पट्ट्यांवर दर भाद्रपदात नवा संभार चढतो. चवथीच्या आदल्या दिवशी, म्हणजे तयेला, घरातील सगळे हात या कामाला लागतात. पोटापाण्यासाठी दूर गेलेली भावंडे मूळ घरी परततात, थोरले कोठे काय बांधायचे ते सांगतात, तरुण शिडीवर चढतात आणि मुले खालून एकेक वस्तू वर देतात.

माटोळीत टांगलेल्या वस्तू कोठून येतात हे पाहिले, तर तिच्यातून गोमंतकातील एखाद्या गावाची संपूर्ण भूमी उलगडते. नारळाची पेंड, सुपारीचा कातरा, केळीचा घड आणि तोरंजन ही कुळागराची देणगी. तवशी, दोडकी, भेंडी, चिबूड आणि भोपळा परसातून व मळ्यांतून येतात. आंबाडे गावाभोवतीच्या झाडांवरचे. त्यापुढे रान सुरू होते. कांगली, कवंडळे, कुड्याच्या शेंगा, पांढऱ्या पानांची शेरवड, ज्वाळेसारख्या पाकळ्यांची वाघनखी आणि वाळल्यावर पैंजणासारखी वाजणारी घागरी ही सगळी कोणी न पेरलेली, कोणी पाणी न घातलेली संपत्ती. बांधण्यासाठी लागणारा दोरही परंपरेने रानातलाच. कुमयाच्या झाडाची साल सोलून तो वळला जातो.

या मांडणीत खाण्याजोगे आणि न खाण्याजोगे असा भेद नाही. वाघनखीचे सर्व भाग विषारी आहेत आणि कवंडळ कोणी ताटात वाढत नाही. तरीही नारळ आणि केळी यांच्याइतकाच मान त्यांना मिळतो. माणसाच्या उपयोगी पडते तेवढ्यापुरतेच निसर्गाचे ऋण मानायचे, असा हिशेब माटोळीत नाही. पावसाने जे जे वाढवले, ते ते देवाच्या माथ्यावर छत्र म्हणून धरायचे, एवढाच तिचा साधा नियम आहे. आभाराचा एकही शब्द तिथे उच्चारला जात नाही. जे मिळाले ते एकत्र करून, नीट बांधून, सर्वांना दिसेल असे टांगणे हाच आभार असतो.

या कृतज्ञतेला काळाचेही बंधन आहे. श्रावण-भाद्रपदात गोमंतकाची भूमी सर्वांत समृद्ध असते. शेतात भात पोटऱ्यांतून बाहेर येत असते आणि रानवेली फळांनी लगडलेल्या असतात. चवथीच्या दुसऱ्या दिवशी अनेक घरांत ‘नवे’ साजरे होते. शेतातली नवी कणसे घरी आणून पूजली जातात आणि दाराला बांधली जातात. याच दिवसांत गोव्यातील ख्रिस्ती समाज कणसांचे फेस्त साजरे करतो. राय येथे ५ ऑगस्टला, तर ताळगाव येथे २१ ऑगस्टला नव्या भाताच्या कणसांना चर्चमध्ये आशीर्वाद दिला जातो. विधी वेगळे असले तरी पहिले पीक स्वतः खाण्याआधी देणाऱ्यापुढे ठेवायचे, ही भावना एकाच मातीतून आलेली आहे.

माटोळीमागे इतिहासाचीही एक बाजू आहे. पोर्तुगीज राजवटीत जुन्या काबिजादींमध्ये हिंदूंच्या सार्वजनिक पूजाविधींवर बंदी आली. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि मधला अल्पकाळ वगळता ते १८१२ पर्यंत टिकले. मूर्ती घरात ठेवणे धोक्याचे असलेल्या त्या काळात अनेक कुटुंबांनी पत्रीला, म्हणजे पानांच्या राशीला, किंवा कागदावरच्या चित्राला गणपती मानून पूजा चालू ठेवली. काही घरांत कागदी गणपतीची ही प्रथा आजही पाळली जाते. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे असे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे आले आणि तेथे जुन्या रीती बऱ्याच अंशी टिकल्या. पानाफुलांशी असलेले गोमंतकीय चवथीचे नाते किती खोलवर रुजले आहे, हे या इतिहासावरून कळते. मूर्ती हिरावून घेता येते, पण पावसाळ्यात उगवणारी पाने कोणालाही हिरावून घेता येत नाहीत.

घराच्या चार भिंतींतली ही कला आज सार्वजनिकही झाली आहे. राज्याच्या कला व संस्कृती संचालनालयातर्फे माटोळीची स्पर्धा घेतली जाते. परीक्षक घरोघरी जातात आणि शेजारचे, परगावचे लोकही मुद्दाम पाहायला येतात. काही स्पर्धक शेकडो प्रकारच्या वस्तू जमवतात, त्यांच्यापासून पक्षी, प्राणी, देवतांच्या आकृती साकारतात आणि प्रत्येक वस्तूचे नाव व औषधी उपयोग लिहून ठेवतात. एरवी अडगळीत गेली असती अशी माहिती त्यामुळे कागदावर येते. आजोबांकडून ऐकलेले वनस्पतीचे नाव नातू परीक्षकांना अभिमानाने सांगतो, हे या स्पर्धेचे मोठे श्रेय.

तथापि याच यशातून एक प्रश्न उभा राहतो. पूर्वी प्रत्येक घर आपल्या गावाच्या शिवेत जे मिळेल ते बांधत असे. कांगली सापडली नाहीत, तर त्या वर्षी कांगल्यांवाचून माटोळी होई. आता शहरातील सदनिकेतही माटोळी हवी असते आणि तिचे सर्व साहित्य बाजारातून येते. दुसरीकडे, स्पर्धेत वस्तूंच्या संख्येला आणि दुर्मिळतेला महत्त्व आले की जे रानात थोडे उरले आहे तेच शोधून आणण्याची चढाओढ लागते. एका घराने दोन झुबके तोडले तर वेलीला काही होत नाही. पण शेकडो घरांसाठी तीच वेल मुळापासून छाटली गेली तर पुढच्या वर्षी तेथे काहीच उरत नाही. फळे पिकून बी गळण्याआधीच ती शहरात पोहोचतात, म्हणजे त्या वेलीची पुढची पिढीही तिच्याबरोबर रानाबाहेर जाते. दोरासाठी खोडाची सभोवार साल काढली, तर ते झाड उभ्याउभ्या वाळते.

यात विक्रेत्यांना दोष देणे सोपे, पण अन्यायाचे आहे. रानातल्या वस्तू गोळा करून विकणाऱ्या अनेक कुटुंबांना, आणि त्यांतही स्त्रियांना, चवथीचे हे दिवस चार पैसे मिळवून देतात. कोणती वेल कोणत्या ओहळाकाठी चढते हे त्यांनाच ठाऊक असते. शिवाय रानावरचा खरा भार माटोळीने टाकलेला नाही. खाणींनी उकरलेले डोंगर, काजूबागायतीसाठी साफ केलेले उतार आणि वाढती बांधकामे यांनी रानवेलींची जागा कितीतरी अधिक आक्रसली आहे. म्हणूनच उरलेल्या रानातून काय घ्यावे आणि किती घ्यावे, हा विचार अधिक निकडीचा होतो.

कायद्यानेही येथे एक रेषा आखलेली आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या कलम २९ नुसार अभयारण्यातील वनोपज परवानगीशिवाय काढून नेता येत नाही. परवानगीने काढलेले वनोपज परिसरातील रहिवाशांच्या खऱ्याखुऱ्या घरगुती गरजेसाठी देता येते. व्यापारासाठी मात्र ते वापरता येत नाही. सत्तरीत १९९९ साली घोषित झालेले म्हादई अभयारण्य सुमारे २०८ चौरस किलोमीटरचे आहे. आपल्या घरची माटोळी आणि विकण्यासाठीची माटोळी यांत गावाची जुनी रीत जो भेद करत होती, तोच भेद कायद्याच्या भाषेत येथे आलेला दिसतो.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ते नावांचे आहे. बाजारातून बांधून आणलेल्या जुडीत पाच वस्तू असतात, पण घेणाऱ्याला त्यांतल्या दोहोंचीच नावे ठाऊक असतात. ज्याचे नाव माहीत नाही त्याचे आभार कसे मानणार? या दृष्टीने जैविक विविधता अधिनियम, २००२ मधील तरतूद उपयोगी ठरू शकते. या कायद्यानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि लोकांच्या माहितीवर आधारलेली जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. माटोळी बांधणारी घरे ही अशा नोंदवहीची जिवंत साधने आहेत. कोणती वस्तू कोठे मिळाली, पूर्वी किती मिळत असे आणि आता किती दूर जावे लागते, एवढे तीन प्रश्न दर चवथीला विचारले, तरी काही वर्षांत गावाच्या रानाची खरी स्थिती कळू शकेल.

उपाय अवघड नाहीत. सापडले त्यातले थोडेच घ्यावे, बियाण्यासाठी झुबके वेलीवर सोडावेत, वेल न ओढता देठ कापावा आणि सालीऐवजी काथ्याचा दोर वापरावा. कुळागराच्या कडेला, देवळाच्या आवारात, शाळेच्या कुंपणावर कांगली आणि कवंडळाचे वेल चढवता येतील. चवथीनंतर उतरलेल्या माटोळीतील पिकलेले बी कचऱ्यात न टाकता रानाच्या कडेला पेरता येईल. स्पर्धेतही दुर्मिळ वस्तूला गुण देण्याऐवजी, स्वतः लावून वाढवलेल्या वस्तूला अधिक गुण देता येतील. तसे झाले तर स्पर्धक रानात शोधत फिरण्याऐवजी जून महिन्यातच परसात खड्डे खणू लागतील.

माटोळीचे सौंदर्य वस्तूंच्या संख्येवर कधीच अवलंबून नव्हते. पाचच वस्तू टांगलेल्या, पण प्रत्येकीचे नाव आणि ठिकाण ठाऊक असलेल्या घराची माटोळी पुरीच असते. ज्याच्याकडून घेतले त्याच्याकडे पुढच्या वर्षासाठी काही शिल्लक ठेवणे, ही आभाराची पहिली अट आहे. ती पाळली गेली तरच पुढच्या पिढीला तयेच्या संध्याकाळी शिडीखाली उभे राहून वर देण्यासाठी हातात काही असेल.